श्रीरंगचं पितळ

वॉल्टने जमिनीवरची काडतुसाची एक रिकामी पुंगळी उचलली, श्रीरंग बापटच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "तू धातूंचा माणूस ना? मग सांग, ही किती वेळा वापरता येते?"

श्रीरंगच्या अंगावर काटा आला. पुंगळी अजून गरम होती, पण काटा त्यामुळे आला नव्हता. पुण्याला मेटलर्जी शिकून तो अमेरिकेत आला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याला धातूबद्दल एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नव्हता. ओहायोतल्या डब्लिनमध्ये तो एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. घरी बायकोने, मृणालिनीने, त्याला धातूविषयी शेवटचं विचारलं होतं ते "ही कढई इंडक्शनवर चालेल का?" एवढंच, आणि त्याचंही उत्तर चुकलं होतं.

खरं तर त्या रविवारी तो या रायफल क्लबवर भांडायला आला होता. त्याची लेक अबोली, कोलंबसमध्ये फिजिओथेरपिस्ट, डब्लिनमध्येच जन्मलेली, हिला रायफल नेमबाजीचा नाद लागला होता. तिच्या एका पेशंटने, म्हणजे या वॉल्टनेच, गुडघा बरा केल्याबद्दल तिला क्लबवर आणलं आणि आपली एक जुनी रायफल वापरायला दिली. "बाबा, इट्स अ स्पोर्ट," असं ती म्हणाली होती. बापटांच्या घराण्यात कॅरमच्या पलीकडे कुणी नेम धरला नव्हता. श्रीरंग तिला समजावून परत न्यायला म्हणून मक्याच्या शेतांपलीकडच्या त्या क्लबवर गेला आणि तळहातावर पुंगळी घेऊन अडकला.

"कार्ट्रिज ब्रास," तो हळूच म्हणाला. "सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त." हे त्याने परीक्षेत कितीदा लिहिलं होतं. काडतूस मात्र आज पहिल्यांदा पाहत होता.

प्रश्न साधा होता. गोळी उडते, पुंगळी मागे राहते. हौशी लोक ती साफ करतात, साच्यातून काढून मूळ आकारात आणतात, ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवतात आणि पुन्हा वापरतात. दर खेपेला पितळ फुगतं, दर खेपेला दाबलं जातं, कडक होत जातं आणि एक दिवस मानेपाशी तडकतं. तो दिवस कधी येतो, यावर क्लबमध्ये दोन पंथ होते. वॉल्ट पाचवाल्यांचा गुरू. "पाच वेळा, मग सरळ फेकून द्या. डोळे महाग असतात," असं तो नव्या माणसाला गंभीरपणे बजावायचा. डेल, म्हणजे गोळीबारावर देखरेख करणारा क्लबचा मुख्य रेंज ऑफिसर, हा पंचवीसवाला. दोघे शेजारी शेजारी बसून बर्गर खायचे आणि या एका विषयावर एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत.

"मी शोधून काढतो," श्रीरंग म्हणाला. "शास्त्रीय पद्धतीने."

परतताना गाडीत अबोलीने विचारलं, "बाबा, आय थॉट तू मला थांबवायला आला होतास?"

"तू तुझा खेळ खेळ," श्रीरंग म्हणाला. "माझ्याकडे काम आलंय."

पुढच्याच आठवड्यात गॅरेजमधली गाडी बाहेर गेली आणि तिच्या जागी टेबल आलं. टेबलावर वॉल्टने निवडून दिलेलं दाबयंत्र, तराजू, साचे. वॉल्ट शनिवारी येऊन शिकवायचा, दारू स्वतःसमोर मोजून घ्यायचा, आणि श्रीरंग चष्मा कपाळावर चढवून एखाद्या सर्जनसारखा उभा राहायचा. प्रयोगासाठी त्याने मूठभर पुंगळ्या निवडल्या. क्लबवर अबोलीने त्या उडवायच्या, घरी श्रीरंगने पुन्हा भरायच्या, भिंगातून मान तपासायची. पाचवी खेप झाली, एकही तडकली नाही. श्रीरंगने डेलला फोन केला. सातवी झाली, तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी "लाइफ सायकल" असा शब्द उच्चारला, तर श्रीरंगने म्यूट काढून कामकाजाशी संबंध नसलेली दोन वाक्यं बोलून टाकली.

मराठी मंडळाच्या जेवणात तर मोठाच घोटाळा झाला. क्लबवर सगळे 'केस' म्हणत, म्हणून श्रीरंगच्याही तोंडात तेच बसलं होतं. "केस किती टिकतात हे मी सध्या बघतोय," तो चार बायकांच्या घोळक्यात उत्साहाने म्हणाला. "योग्य निगा राखली तर पुष्कळ टिकतात." चौघींनी एकदमच त्याच्या टकलाकडे पाहिलं. एकीने सहानुभूतीने माक्याच्या तेलाचं नाव सांगितलं. तेव्हापासून मृणालिनीने फर्मान काढलं की घरात आणि घराबाहेर 'पुंगळी' हाच शब्द वापरायचा.

पुंगळ्या साफ करायला त्याने एक थरथरणारं भांडं आणलं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालायचा, पुंगळ्या टाकायच्या आणि तास न् तास हलू द्यायच्या. टाउनहाउसची भिंत सामाईक. भिंतीपलीकडे नागपूरचा प्रसन्न राहायचा, घरून काम करणारा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला असलेला. पहिल्याच दिवशी तो दारात.

"श्रीरंगभाऊ, तुम्ही शेंगदाणे भाजून राहिले का सिमेंट कालवून राहिले? माझा मॅनेजर विचारते, मी बसमधून मीटिंग घेतो का म्हणून."

श्रीरंगने त्याला आत नेऊन सगळं समजावलं. प्रसन्नला ते पटलं. इतकं पटलं, की तो रोज बघायला यायला लागला. पण आवाज पुढच्या घरापर्यंतही जात होता, आणि तिथल्या बाईंना तो पटला नाही. सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं: निवासी विभागात 'अखंड स्वरूपाची दळण्याची क्रिया' चालवल्याचं आढळून आलं आहे. श्रीरंगने उलट पत्र लिहून कळवलं की क्रिया दळण्याची नसून घासण्याची आहे. कमिटीने घासण्याचं कलम दाखवून दिलं.

भांडं बंद झालं. मग मृणालिनीनेच मार्ग सांगितला. "पितळच ना? आई समया कशाने घासायची? चिंचेने."

हा शोध क्लबवर गाजला. चिंचेच्या कोळात बुडवलेल्या पुंगळ्या लख्ख निघाल्या. वॉल्टने चिंच चाटून पाहिली आणि आणखी मागितली. त्याच भरात, बर्गरच्या टेबलाभोवती मंडळी जमली असताना, श्रीरंगने आपल्या सरांनी सांगितलेली हकिकत रंगवून सांगितली. इंग्रज लोक फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे. एकही गोळी न उडवता पुंगळ्या आपोआप तडकायच्या. कुणाला कारण कळेना. शेवटी निघालं काय, तर घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ताण असलेल्या पितळाला अमोनियासारखा वैरी नाही.

"म्हणून," श्रीरंग बोट वर करून म्हणाला, "पितळाला अमोनियाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही."

डेलने मान डोलावली. अबोलीने हळूच फोटो काढला. तिच्या बाबांना तिने एवढ्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

यानंतर मृणालिनीचा प्रवास आला. फ्रीमाँटला तिच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. तिने आदल्या दिवशी अनारसे तळले, ज्या ओट्यावर चिंचेचा कोळ आणि पुंगळ्या होत्या त्याच ओट्यावर, आणि पर्स ठेवली गॅरेजच्या टेबलावर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. विमानतळावर तपासनीसाने तिच्या तळहातावरून आणि पर्सवरून एक कापडी पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली आणि यंत्र वाजायला लागलं.

"मॅडम, गेल्या दोन दिवसांत तुम्ही स्फोटकं हाताळली आहेत का?"

"मी अनारसे हाताळले," मृणालिनी म्हणाली.

मग अनारशांची तपासणी झाली. अनारसा म्हणजे काय हे तीन अधिकाऱ्यांना सांगावं लागलं, त्यातल्या एकाने "आंबवलेलं" हा शब्द ऐकून चौथ्याला बोलावलं. यथावकाश सगळं सुरळीत झालं, सगळे नम्रपणे वागले, फक्त विमान निघून गेलं. ती फ्रीमाँटला पोचली तेव्हा पाहुणे गेले होते आणि भाची दमून झोपली होती.

एरवी 'श्रीरंग' म्हणणारी मृणालिनी फार रागावली की 'अहो' म्हणते. परत आल्यावर ती दारातच म्हणाली, "अहो, इथून पुढे पुंगळी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. आणि चिंचेला हात लावायचा नाही."

हे सगळं घडलं ते नेमकं नको त्या वेळी. अबोलीची राज्य पातळीवरची पहिली मॅच आठवड्यावर आली होती. तिची काडतुसं श्रीरंगने भरली होती, वॉल्टच्या नजरेखाली, दारूचा कण न् कण मोजून. भरलेली काडतुसं डब्यात रांगेने उभी होती आणि त्यांच्यावर बोटांचे काळपट ठसे दिसत होते. ठशांनी नेम बिघडत नाही. पण मॅचला डेल असणार, बाकीच्या क्लबांची माणसं असणार, आणि डब्यावर 'बापट' लिहिलेलं असणार.

"चिंच बंद झाली का?" प्रसन्न म्हणाला. "मग काचा पुसायचं निळं पाणी घ्या ना. माझी बायको त्यानं आरसे पुसते, सूर्य दिसते त्यात."

निळं पाणी फवारलं, फडक्याने पुसलं, आणि खरोखरच सूर्य दिसला. श्रीरंगने सगळी काडतुसं पुसली. प्रयोगाच्या पुंगळ्याही पुसल्या, ज्या एव्हाना अकरा खेपा टिकून डेलच्या पंथाला बळ देत होत्या. ओलसर फडकं डब्यातच वर अंथरलं, धूळ बसू नये म्हणून, आणि झाकण घट्ट लावलं. पुंगळ्यांची वेगळी डबी, तिच्यातही तसंच फडकं.

मॅचच्या सकाळी अबोली डबा घेऊन आधी निघाली. श्रीरंग सावकाश जाणार होता. प्रसन्न चहाला आला, तेव्हा श्रीरंगने प्रयोगाची डबी उघडून एक पुंगळी त्याच्या हातात दिली.

"भारीच आहे," प्रसन्न ती फिरवत म्हणाला. "आणि ही बारीक नक्षी कशानं केली?"

"कसली नक्षी?"

श्रीरंगने भिंग घेतलं. मानेपासून खालपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. दुसरी पुंगळी घेतली. तिला दोन रेघा. तिसरी त्याने नुसती चिमटीत दाबली आणि ती हलकेच फाकली. एकही अखंड नव्हती. श्रीरंग उठला, निळी बाटली उचलली, मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा खाली घेतला. पाण्यानंतर दुसऱ्याच क्रमांकावर त्याचा जुना ओळखीचा शब्द होता.

ताण असलेल्या पितळाला. वाससुद्धा लागू द्यायचा नाही. बोट वर करून.

"प्रसन्न," तो म्हणाला, "अबोलीचा डबा."

अबोलीचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. मॅचला ती फोन बॅगेत टाकून कानांवर जाड संरक्षण चढवते हे त्याला ठाऊक होतं. वॉल्टचा फोन तर गाडीतच असायचा. श्रीरंग घरच्या सपातांवर गाडीत बसला. टू-सेव्हन्टी हायवेवर त्याने आयुष्यात प्रथमच डावीकडची लेन धरली आणि सोडली नाही. तडकलेली मान म्हणजे बहुतेक वेळा नुसती वाया गेलेली गोळी. पण खालपर्यंत गेलेली रेघ म्हणजे तोंडाशेजारी मागे फुटणारा गरम वायू. आणि त्या रायफलीला गाल टेकवून त्याची मुलगी पालथी झोपलेली असणार.

क्लबच्या फाटकाशी टेबल मांडून लॉरेटा बसली होती, सत्तरीची स्वयंसेविका, हातात विणकाम.

"तुमचं पाहुण्याचं कार्ड संपलंय," ती प्रेमाने म्हणाली. "आधी सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागेल."

"माझी मुलगी आत आहे. तिची काडतुसं खराब आहेत. डेलला रेडिओवर सांगा."

"मॅच चालू असताना रेडिओ फक्त इमर्जन्सीसाठी असतो. काय झालंय नक्की?"

"काचा पुसायचं पाणी," श्रीरंग धापा टाकत म्हणाला.

लॉरेटाने त्याच्या सपातांकडे पाहिलं. "बसा," ती म्हणाली. "फार मोठा नाहीये."

फाटकाला दांडा होता, दांड्यापाशी दंडुक्यासारखे हात असलेला एक गृहस्थ होता. श्रीरंग बसला. पडद्यावर एक मनुष्य संथ आवाजात स्वागत करत होता. त्याने क्लबचा इतिहास सांगितला. गाडी कुठे लावावी हे सांगितलं. कुत्र्यांविषयी सांगितलं. आतून कर्ण्यावर डेलचा आवाज आला, नेमबाजांनी जागा घ्याव्यात, तयारीचा वेळ सुरू. पडद्यावरचा मनुष्य म्हणाला, "धोका दिसला, तर 'सीझ फायर' हे शब्द कुणीही पुकारू शकतं. नेमबाज, प्रेक्षक, लहान मूलसुद्धा. परवानगीची गरज नाही."

"कुणीही?" श्रीरंगने विचारलं.

"कुणीही," लॉरेटा टाके मोजत म्हणाली.

श्रीरंग खुर्चीवर उभा राहिला. दांड्यापलीकडे नेमबाजांची लांब रांग पालथी झोपली होती आणि कर्ण्यावर 'काडतुसं भरा' असं पुकारलं गेलं. त्याने छातीत जेवढी हवा मावते तेवढी भरली आणि ओरडला. डब्लिनमध्ये इतकी वर्षं तो कुणावर ओरडला नव्हता, त्या सगळ्या वर्षांचा साठा त्या दोन शब्दांत बाहेर आला. "सीझ फायर."

रांग थांबली. एकामागून एक रायफली उघडल्या गेल्या, डेलने लाल झेंडा वर केला, आणि शे-दीडशे माणसांनी मागे वळून खुर्चीवरच्या, सपाता घातलेल्या माणसाकडे पाहिलं. अबोलीने कानावरचं काढलं.

"ओह माय गॉड," ती म्हणाली. "बाबा."

डेल चालत आला. दांडा उघडला. "काय दिसलं तुला?"

"काडतुसं तडकली आहेत. तिच्या डब्यातली. मी ती काचेच्या क्लीनरने पुसली. त्यात अमोनिया होता." आजूबाजूला सगळे ऐकत होते. ज्यांनी तबेल्याची गोष्ट बर्गर हातात धरून ऐकली होती तेही होते. श्रीरंगला वाटलं, इथेच आपण म्हणावं की शेजाऱ्याने सांगितलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी मेटलर्जिस्ट आहे. मला माहीत होतं. चकाकावीत म्हणून केलं."

पितळ उघडं पडणं म्हणजे काय, हे कुणाला मराठीत समजावून सांगायची वेळ आलीच, तर याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

डेलने अबोलीचा डबा उघडला. पहिलं काडतूस उन्हात धरलं, दुसरं धरलं. सातव्याशी तो थांबला, कारण त्याची रेघ भिंगाशिवायच तळापर्यंत दिसत होती. अबोलीने बंदुकीतलं काढून पाहिलं. ते तसंच होतं. ती श्रीरंगच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, लहानपणी डॉक्टरकडे उभी राहायची तशी.

"बरं केलंस पुकारलंस," डेल एवढंच म्हणाला. मग घड्याळ पाहिलं. "पण मुलीकडे आता काडतुसं नाहीत."

सगळे वॉल्टकडे वळले. रायफल वॉल्टची, आणि तिला बसतील अशी काडतुसं फक्त त्याच्याकडे असणार. वॉल्टने खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि अखेर आपल्या ट्रकमधून एक डबा आणला. आतल्या पुंगळ्या मातकट, काळपट, कधी न घासलेल्या. डेलने एक उचलून तिचा तळ निरखला.

"वॉल्ट, ही कितव्यांदा भरलीस?"

"नक्की सांगता येणार नाही."

"साधारण?"

"वीस," वॉल्ट म्हणाला. "काही काही बावीस. मी पितळ तापवून मऊ करून घेतो मधूनमधून."

"तू तर पाच सांगतोस."

"मी काय सांगतो ते वेगळं."

डेलने तळावरची एक बारीक खूण नखाने खरवडली. ती त्याच्या स्वतःच्या मार्करची खूण होती. तेव्हा हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाच वेळांनंतर पुंगळ्या फेका म्हणून वॉल्ट लोकांना बजावत होता, लोक त्या मुकाट्याने भंगाराच्या बादलीत टाकत होते, आणि दर रविवारी बादली रिकामी करायला आपण होऊन पुढे येणारा माणूस वॉल्ट होता. पंचवीसवाल्या डेलची बायकोसुद्धा डोळे जातील या भीतीने त्याच्या पुंगळ्या गुपचूप त्या बादलीत टाकत आली होती.

मग डेल हसायला लागला, ओठ न उघडता, नुसते खांदे हलवत. वॉल्ट लाल झाला होता. श्रीरंगला कित्येक मिनिटांनी प्रथमच थोडं हलकं वाटलं. उघडं पडलेलं पितळ आता त्याचं एकट्याचं नव्हतं.

एकेक काडतूस डेलने आणि श्रीरंगने मिळून भिंगातून तपासलं. रांग पुन्हा लागली. अबोलीने पहिला नेम धरला, आणि श्रीरंगने, सुरक्षेचा चष्मा आणि कर्णरक्षक चढवून, दुर्बिणीला डोळा लावला. गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरी तिच्या शेजारी. विसाव्या खेपेची ती कळकट पुंगळी बाजूला उडून गवतावर पडली की तो आधी निशाण बघायचा आणि मग धावत जाऊन पुंगळी बघावी असं त्याला वाटायचं, पण डेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. अबोली नवख्यांच्या गटात दुसरी आली. तिने पदक घेतलं, बाबांना मिठी मारली आणि कानात म्हणाली, "यू वेअर सो लाऊड. आय हर्ड यू थ्रू द इयरमफ्स."

क्लबच्या कमिटीने नंतर ठराव केला. भंगाराच्या बादलीला कुलूप लागलं. आणि सुरक्षेच्या व्हिडिओत अमोनियावर एक नवा भाग घालायचं ठरलं, सादरकर्ते श्री. बापट.

वसंतातल्या पुढच्या मॅचला मृणालिनी प्रथमच बरोबर आली. फाटकाशी लॉरेटा होतीच.

"नवीन पाहुणे? व्हिडिओ बघावा लागेल. दोघांनाही."

"मी त्यात आहे," श्रीरंग म्हणाला.

"नियम आहे," लॉरेटा म्हणाली.

दोघे खुर्च्यांवर बसले. इतिहास झाला, गाड्या झाल्या, कुत्रे झाले. मग पडद्यावर श्रीरंग आला, एका हातात निळी बाटली, दुसऱ्या हातात तडकलेली पुंगळी, आणि म्हणाला की मी मेटलर्जिस्ट आहे आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. श्रीरंग आपल्या बुटांकडे बघत राहिला. अनारसे, विमान, झोपलेली भाची, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

व्हिडिओ संपला. लॉरेटाने पास पुढे केले. मृणालिनीने ते घेतले नाहीत.

"हा मधला भाग," ती म्हणाली, "पुन्हा एकदा लावता येईल का?"